अर्ध्या स्वरानं खाली

आमच्या घरी रेकॉर्ड कधी लावायची हे गिरणीवाला ठरवायचा. पूर्णेत आम्ही भाड्यानं राहायचो ते घर आणि पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी एकाच लायनीवर होती. गिरणी सुरू झाली की आमचा दिवा पिवळा पडायचा, पंखा पेंगायला लागायचा आणि रेकॉर्डवरचा माणूस दमल्यासारखा गायचा. म्हणून रविवारी दुपारी गिरणीवाला जेवायला गेला की बाबा मशीनची पेटी उघडायचे. त्यानं जेवून, पान खाऊन, जरा लवंडून परत येईपर्यंत आमचा वेळ. त्याला लवकर भूक लागावी आणि गाढ झोप लागावी अशी इच्छा मी लहानपणी पुष्कळ केली आहे.

मशीन सूटकेससारखं उघडायचं. ते बाबांना एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी दिलं होतं. बाबा तेव्हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नवे कारकून होते, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन-चार वर्षं झालेली, आणि पूर्णेत त्यांना घर मिळायलासुद्धा त्रास झाला होता. गार्डसाहेब आमच्याकडे येऊन पाणी मागून प्यायचे, याचं मायला जन्मभर कौतुक होतं. ते व्हायोलिन वाजवायचे. बाबांनी ते कुतूहलानं हातात घेतलं आणि मग सोडलंच नाही. दोघांचं शिक्षण कागदाशिवाय चाललं. साहेबांनी एक ओळ वाजवायची, बाबांनी ती परत वाजवायची, आणि शेवटी रेकॉर्ड लावून कोण चुकलं ते बघायचं. पुढे साहेब ऑस्ट्रेलियाला निघून गेले तेव्हा व्हायोलिन, मशीन आणि ती एकुलती एक रेकॉर्ड आमच्याकडे राहिली.

तिच्यावर अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन पाद्र्यानं रचलेली व्हायोलिनची चीज होती. तिचे तीन भाग. पहिला पळणारा, दुसरा चालणारा, तिसरा परत पळणारा. एक व्हायोलिन पुढं आणि बाकीची मागं. साहेब त्याला कन्चेर्तो म्हणायचे. माय त्याला पळापळ म्हणायची. बाबा समजावून सांगायचे, ‘आपल्या गायनमंडळात नाही का, एकजण पुढं म्हणतो आन् बाकीचे झील धरतात? तसंच हाय हे. फक्त ह्यांच्यात कुणी खोकत न्हाई.’

ती रेकॉर्ड मी चौथीत असताना मे महिन्याच्या उन्हात खिडकीत राहिली आणि पापडासारखी झाली. ती तिथं कुणी ठेवली याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. पण बाबांच्या बोटांत ती चीज राहिली. पार्सल ऑफिसातून आले, हातपाय धुतले, की त्यातला पहिला भाग ते एकदा तरी वाजवायचे. सुरुवातीलाच त्यात बोट न टेकवता मोकळ्या तारा वाजतात, आणि त्या मोकळ्या तारांचा खणखणीतपणा हीच त्या चिजेची गंमत आहे, असं त्यांचं म्हणणं.

गायनमंडळ आमच्या वस्तीचं होतं. बुद्धजयंतीला, चौदा एप्रिलला, कुणाच्या घरी मयतानंतरचं पुण्यानुमोदन असलं तरी ते जायचं. पेडगाव, पालम, कुठंही, एसटीच्या टपावर ढोलकी बांधून. मंडळाची पेटी उंदरांनी कुरतडली होती आणि नवी घेण्याचं नुसतं बोलणं चालायचं. त्यामुळे सगळ्यांना सूर द्यायचं काम बाबांच्या व्हायोलिनकडे आलं होतं. आणि व्हायोलिनला सूर द्यायचं काम बाबांच्या डोक्याकडे. ते कशाचाही आधार न घेता तार लावायचे. ‘साहेबाच्या रेकॉर्डचा सूर हितं बसलाय,’ म्हणून कानशिलावर बोट ठेवायचे. थोडा तोराही होता त्यात.

मग त्यांना टीबी झाला. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन परभणीला कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर लागले होते, रोज पॅसेंजरनं जाऊन-येऊन. कित्येक महिने त्यांना सुया घ्याव्या लागल्या. छाती सुधारली, वजन वाढलं, पण चालताना ते कधी कधी एका बाजूला झुकायचे, फलाटावरून भिंतीच्या कडेकडेनं यायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या सुयांनी कानाला इजा होऊ शकते, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय करा, ते सांगितलं नव्हतं. आम्ही तिघंही आपापल्या परीनं लक्ष ठेवत होतो. माय मुद्दाम हळू आवाजात ‘जेवता का’ विचारायची आणि ते ‘हो’ म्हणाले की निर्धास्त व्हायची. त्या परीक्षेत नापास होणं बाबांना कधी शक्य नव्हतं.

अशात ती दुसरी रेकॉर्ड घरात आली.

परभणीला तेव्हा ज्वारीवर काम करायला एक परदेशी जोडपं आलं होतं. त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरची वायर तुटली, तेव्हा कुणीतरी त्या बाईंना आमच्या लॅबचा रस्ता दाखवला. मी कथलाचा डाग देऊन ती जोडून दिली. बाई मुंबईला परत निघताना मला म्हणाल्या, यातली एक घेऊन जा. मी रेकॉर्ड चाळायला लागले आणि एकीवर चार-पाच व्हायोलिनं टेबलावर मांडल्याचं चित्र दिसलं. मागची माहिती सगळी जर्मनमध्ये, पण त्या पाद्र्याचं नाव मला ओळखता आलं. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की ही जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवलेली आहे, त्या काळी जशी वाजायची तशी. मला त्यातलं एवढंच समजलं की माझ्या बाबांची चीज मला सापडली आहे. पॅसेंजरमध्ये ती मी परभणीपासून पूर्णेपर्यंत मांडीवर आडवी धरून आणली आणि शेजारच्या बाईला तिच्यावर डबा ठेवू दिला नाही.

रविवारी गिरणी बंद झाली. बाबांनी हात धुतले, शर्ट बदलला. व्हायोलिन काढून तारा लावल्या. मी सुई टेकवली.

पहिल्या दोन ओळी ते नुसते ऐकत बसले. आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही. साहेबांच्या रेकॉर्डवरचं वाजवणं तुपात तळल्यासारखं गुळगुळीत होतं. हे भाकरीसारखं होतं. गज तारेला लागताना त्याचा श्वास ऐकू यायचा, स्वर लांबवताना कुणी थरथरवत नव्हतं, आणि सगळं जवळ बसून वाजवल्यासारखं वाटत होतं. मला ते लगेच आवडलं. मी बाबांकडे बघितलं, तर ते दिव्याकडे बघत होते.

‘गिरणी चालू झाली का गं?’

‘नाही की. दिवा पांढरा हाय.’

त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि रेकॉर्डबरोबर सुरुवात केली. दुसऱ्या क्षणाला थांबले. मलासुद्धा कळलं, इतकं ते विसंगत होतं. बाबा वर होते आणि रेकॉर्ड खाली. ‘अर्ध्या स्वरानं खाली हाय,’ ते म्हणाले. ‘मशीन हळू फिरायलंय. व्होल्टेज न्हाई.’

परभणी जिल्ह्यात तेव्हा कुठलीही गोष्ट बिघडली की पहिला संशय व्होल्टेजवरच जायचा, आणि बहुतेक वेळा तो खरा निघायचा. मोटार जळली, बल्ब गेला, भात कच्चा राहिला तरी माय व्होल्टेजला बोलायची, आणि आमची चूल लाकडाची होती. आम्ही पुढच्या रविवारपर्यंत थांबलो. तोच प्रकार. त्याच्या पुढच्या रविवारी गिरणीचा पट्टा तुटला म्हणून दिवसभर गिरणी बंद, दिवा असा लख्ख की डोळ्याला लागावा. तरी रेकॉर्ड खालीच.

मला मोजायची हौस होती. बाबा मला चेष्टेनं ‘आमची तलाठीण’ म्हणायचे. मी रेकॉर्डच्या मधल्या चकतीवर खडूची रेघ मारली, मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं आणि फेरे मोजले. परत परत मोजले. मिनिटाला तेहतीस आणि वर थोडं, म्हणजे जितके हवेत तितकेच. अर्धा स्वर उतरायचा तर मिनिटाला जवळजवळ दोन फेरे कमी पडायला हवे होते. मी मोठ्या उत्साहानं सांगून टाकलं, ‘मशीन बरोबर हाय बाबा. व्होल्टेजचा काही संबंध न्हाई.’

त्यांनी मान हलवली. व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि उठून अंगणात गेले. तोपर्यंत मला माझा पराक्रम कळला नव्हता. भाकरी थापताना मायनं तो कळवला. ‘मशीन बरोबर, म्हंजे मग चूक कोण?’ ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तोवर दोनच संशयित होते, मशीन आणि बाबांचा कान. मी खडूच्या एका रेघेनं मशीन सोडवलं होतं.

संध्याकाळी ते स्वतःच बोलले. ‘सुयांनी नेला वाटतं कान. निदान डोक्यातला सूर तरी सरकलाय. मला वाटतं मी तिथंच हाय, आन् मी वर चढलोय. मागं पेडगावला आपला गाणारा म्हणला होता, बाबा, सूर लय उंच द्यायलाव. मी म्हणलं तुझा गळा बसलाय.’ मग म्हणाले, ‘पालमचा कार्यक्रम आलाय. त्यास्नी सांगून टाकतो, दुसरा कुणी बघा.’

दुसरा कुणी नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. पण मुद्दा तो नव्हता. पार्सल ऑफिसात बाबा दिवसभर दुसऱ्यांच्या गाठोड्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. मंडळात मात्र ते गज उचलत नाहीत तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. आयुष्यात ती एक जागा त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांनी कानाच्या जोरावर मिळवली होती. ती आता माझ्या मोजण्यानं जाणार, याचं मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी आणखी मोजायला जाते.

कॉलेजात नादकाट्यांचा संच होता. रबरी हातोडीनं ठोकायचा, टेबलावर टेकवायचा, की ठरलेला सूर निघतो. आकडा त्याच्यावर कोरलेलाच असतो. मी आमच्या विभागप्रमुखांना विचारून तो रविवारपुरता घरी आणला. आता निकाल लागणारच, अशा तोऱ्यात मी बाबांच्या दुसऱ्या तारेच्या सुराजवळचा काटा निवडला आणि ठोकला. त्यांनी नाखुषीनं तार छेडली.

‘ह्यो काटा माझ्या खाली हाय. पाव स्वर असल.’

माझं तोंड उतरलं. मग आम्ही रेकॉर्ड लावली आणि काटा तिच्याशी ताडून बघितला.

‘आन् ह्या लोकांच्या वर हाय,’ बाबा म्हणाले. ‘पाव स्वर.’

सरकारी शिक्का मारलेला काटा बरोबर मध्ये उभा राहिला. मी विद्यार्थ्यांना शिकवायचे की काटा म्हणजे प्रमाण, बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. बाबांना मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जरा हसू आलं. ‘तीन माणसं, तीन गावची,’ ते म्हणाले. ‘कोर्टात असे साक्षीदार असल्यावर जज घरी जातोय.’

हसले, पण व्हायोलिन पेटीतच राहिलं. मंडळाला निरोप मात्र अजून गेला नव्हता. रोज संध्याकाळी ते म्हणायचे, उद्या सांगतो.

वाजवणं बंद होतं, ऐकणं नाही. उलट आता ते गिरणी चालू असली तरी ऐकायचे. म्हणायचे, सूर सोड, बाकीचं तर ऐकू. आणि ऐकताना रेकॉर्डचं पाकीट हातात धरून बसायचे. जर्मन त्यांना येत नव्हतं, मलाही नाही. त्यामुळे चित्र हाच आमचा मजकूर. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि चित्रातल्या गजावर बोट ठेवलं.

‘हे बग. आपला गज आत वाकलेला असतोय. ह्यो भाईर फुगलाय. असली कमान आपण कुठं बघितली?’

चुलीपुढून मायनंच सांगितलं, ‘पिंजाऱ्याची.’

थंडीच्या आधी गाद्या-रजया पिंजायला पिंजारी गल्लीत यायचा. त्याची ती मोठी कमान, तिला बांधलेली तार, आणि तिच्यावर लाकडी ठोकणी मारली की होणारा तुंई-तुंई आवाज. आमच्या कापसाच्या मुलखात तो आवाज ऐकल्याशिवाय हिवाळा सुरू व्हायचा नाही. ती तार धातूची नसते. बकऱ्याच्या आतड्याची असते, तिला तात म्हणतात. बाबांनी पाकीट खाली ठेवलं आणि सुई परत पहिल्या ओळीवर नेली. डोळे मिटून ऐकलं.

‘ह्या तारा लोखंडी न्हाईत,’ ते म्हणाले. ‘सुरुवातीला जरासं खरवडतंय आन् मग सूर येतोय, ऐकायलीस ना? लोखंड असं करत न्हाई. ही तात हाय.’

त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी घाई होती. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच पावली पिंजाऱ्याच्या घरी गेले. तात कशाला पाहिजे म्हणून त्यानं विचारलं, मी व्हायोलिनला म्हणून सांगितलं. त्यानं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि जुन्या तातीचा एक लांब तुकडा काढून दिला. म्हणाला, ‘जाड पडंल.’

जाडच होती. पण तात म्हणजे अनेक पदरांना मारलेला पीळ. बाबांनी ती कोमट पाण्यात भिजवून ठेवली, पीळ उलगडला, बारीक पदर वेगळे केले, दोन-दोन एकत्र वळले आणि दाराच्या कडीला बांधून खाली वजन म्हणून वरवंटा लटकवला. दोन दिवस आमच्या दारात वरवंटा लोंबत होता आणि येणारा-जाणारा विचारत होता. माय सांगायची, ‘आतडं वाळायलंय.’ त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारायचं नाही.

रविवार. गिरणी बंद. बाबांनी दुसरी तार काढून तिच्या जागी तात बांधली आणि खुंटी पिळायला घेतली. सूर चढत गेला, त्यांच्या डोक्यातल्या जागेच्या अगदी जवळ आला आणि तात फाटदिशी तुटली. मनगटावर लाल वळ उठला. त्यांनी वळाकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा तुकडा बांधला. या वेळी खुंटी हळू, कान लावून, आणि मी सुई टेकवून तयार.

तात रेकॉर्डच्या सुराला आली आणि थांबली. तुटली नाही. बाबांनी गज ओढला. आधी जरासं खरवडलं आणि मग तो भाकरीसारखा आवाज आमच्या खोलीत आला, मशीनमधून नाही, बाबांच्या हातातून. त्यांनी बाकीच्या तारा खाली उतरवून घेतल्या आणि पहिली ओळ रेकॉर्डबरोबर वाजवली. बोट न टेकवता, मोकळ्या तारेवर. खणखणीत नाही वाजली. पण जुळली.

‘हे लोक मुद्दाम खाली आलेत,’ बाबा म्हणाले. ‘वर ताणलं तर तात तुटतीय. म्हून सगळ्यांनी मिळून खाली लावलंय. मी काय वर चढलो न्हाई. ते उतरलेत.’

‘तेच म्हणतेय मी,’ माय म्हणाली. ती असं काही म्हणाली नव्हती.

बाबांचं कारण पूर्ण खरं नव्हतं. आमची तात ओबडधोबड होती, चांगली तात आणखी ताण सोसते. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की त्या काळी गावोगावचा सूर वेगळा असायचा, आणि आजच्या काळात जुनी वाद्यं वाजवणाऱ्यांनी सोयीसाठी अर्धा स्वर खाली यायचं आपसात ठरवून घेतलं. फिजिक्सवाल्यांनी आकडेमोड सोपी जावी म्हणून काट्यांचा सूर तिसराच धरला होता, हेही तेव्हाच कळलं. त्या हिशेबानं बाबांच्या डोक्यातला सूर गार्डसाहेबांच्या रेकॉर्डच्या जागेवरून हललेला नव्हता. पण त्या दिवशी आम्हाला पुस्तकाची गरज नव्हती. बाबा त्याच संध्याकाळी मंडळात जाऊन सांगून आले, पालमला येतो म्हणून. ढोलकीवाल्याला काही कळलंच नाही. येणार नव्हते हे त्याला कुणी सांगितलं होतं?

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. आमच्या घरात सगळ्या गोष्टींची तपासणी सुरू झाली. पाद्र्याच्या काळात विजेचे दिवे नव्हते तर वाजवणारे कागद कसे वाचायचे? बकरी कुठली असेल, आपल्याकडच्यासारखी की लोकरीची? चालणाऱ्या भागात पुढचं व्हायोलिन मध्येच नक्षी काढतं, ती लिहिलेली असेल की त्या माणसाच्या मनाची? साहेबांच्या रेकॉर्डवर ती नव्हती, असं बाबा ठामपणे सांगायचे. मग तेही आपल्या मनानं तिथं काहीबाही टाकायला लागले, आणि त्यात भीमगीतांच्या जागा बिनदिक्कत घुसायच्या. मला ते त्या रेकॉर्डवरच्या माणसापेक्षा जास्त आवडायचं, आणि हे मी केवळ मुलगी म्हणून म्हणत नाही.

पालमच्या आदल्या रविवारी बाबा तो चालणारा भागच वाजवत होते. तो सुरू झाला की मागची व्हायोलिनं बहुतेक गप्प होतात. माय सुपात तूर निवडत बसली होती. एरवी ती या चिजेकडे लक्ष द्यायची नाही. त्या दिवशी तिनं सूप थांबवलं.

‘मागं ते किल्ल्यांचा जुडगा हलवल्यागत कोण वाजवायलंय?’

मला ते पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. मागं एक वाद्य होतं, पेटीसारखं बोटांनी वाजवायचं असावं, पण तारा छेडल्यासारखं बारीक छणछणणारं. ते कधीच थांबायचं नाही. त्यात विचारण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं.

बाबांनी गज खाली घेतला. ‘कुठं?’

‘हे काय. आतासुदिक वाजायलंय.’

त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बोलला असणार. त्यांनी व्हायोलिन खाटेवर ठेवलं, मशीनजवळ जाऊन बसले आणि कान अगदी जाळीला लावला. ‘परत लाव,’ ते म्हणाले. मी सुई मागं नेली. त्यांनी दुसरा कान लावला.

व्हायोलिन त्यांना सगळं ऐकू येत होतं, गजाच्या खरवडण्यासकट. ते छणछणणं येत नव्हतं. सुयांनी सूर नेला नव्हता, वरच्या पट्टीचं बारीक-बारीक तेवढं नेलं होतं, आणि इतक्या महिन्यांत ते आम्हाला कुणालाही कळलं नव्हतं, कारण हळू आवाजात विचारलं तरी इतक्या उंच, किणकिणत्या आवाजात बाबांना कधी कुणी हाक मारत नाही. माय परत सुपातली तूर चिवडायला लागली. आपण उगीच बोललो असं तिला वाटत होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं, कारण बाबा रडत नव्हते. ते विचार करत होते. नवी गोष्ट समोर आली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसाच तेव्हाही झाला होता.

‘सारखं वाजतंय का मधी मधी?’ त्यांनी मायला विचारलं.

‘सारखं.’

‘व्हायोलिनबरोबर?’

‘बरोबर न्हाई. त्याच्या मधी मधी. ते थांबलं की हे भरून काढतंय.’

बाबा परत खाटेवर येऊन बसले. व्हायोलिन उचललं आणि म्हणाले, ‘हिकडं ये. जसं वाजतंय तसं बोटानं सांग.’

माय सूप बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिथं असताना ती त्यांच्या इतक्या जवळ कधी बसलेली मला आठवत नाही. मी सुई टेकवली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर एक बोट ठेवलं आणि ते छणछणणं जसं पडेल तसं टेकवायला लागली. मंडळात टाळ्या चुकवणारी बाई, पण तिथं एकदाही चुकली नाही. बाबांनी थोडा वेळ नुसतं गुडघ्याकडे बघितलं. मग गज उचलला आणि तिच्या बोटामधून जागा सोडत, भरत, तो सगळा भाग वाजवला.

रेकॉर्ड संपून सुई आत फिरत राहिली. पलीकडच्या गल्लीत गिरणी सुरू झाली.

‘पालमला असलं बारीक काय कुणी वाजवत न्हाई,’ बाबा म्हणाले.

‘न्हाई,’ माय म्हणाली. ‘तिथं ढोलकी हाय. अन् मी येतेच हाय की.’